किल्लीवाल्यांची सुपारी

सुपारी ताटात होती, अडकित्ता तिच्या शेजारी होता, आणि सिताराम अडकित्त्याला हात लावायला तयार नव्हता.

वास्तविक सगळं पार पडलं होतं. मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघायला जायचं हा आता नुसता रिवाज उरला होता. तरी गंगाखेडहून आलेल्या योगीराज मास्तरनं घर बघितलं, गोठा बघितला, बोअरचं पाणी चाखून ‘गोड आहे’ म्हटलं. पंगत उठली. राणीसावरगावातली चार जाणती माणसं ओसरीत सतरंजीवर पान लावत बसली. आता मुलाच्या बापानं चारचौघांत सुपारी फोडायची, सोयरीक पक्की झाली म्हणायचं आणि पाहुण्यांनी चहा घेऊन उन्हं उतरायच्या आत निघायचं, एवढंच राहिलं होतं.

"फोडा की, सितारामजी," योगीराज हसत म्हणाला.

"फोडतो. पण त्याच्या आधी एक काम हाय. माझं न्हाई, माझ्या बापाचं."

असं म्हणून सितारामनं योगीराजच्या खांद्यावरून मागं बघितलं. मागं खांबाला टेकून योगीराजचे वडील सटवाजी बसले होते.

योगीराज सावरून बसला. बापाकडं बघून कोणी बोलायला लागलं की तो लहानपणापासून असाच सावरून बसायचा. थोरल्या लेकीच्या, भक्तीच्या सोयरिकीत त्यानं शहाणपणा केला होता. वडील खासगी नोकरीत होते, आता शेती बघतात, असं सांगून बापाला घरीच ठेवलं होतं. सटवाजींनी तेव्हा कुरकुर केली नाही. लग्नात मागच्या रांगेत बसून अक्षता टाकल्या आणि जेवून झोपले. धाकट्या राजनंदिनीनं मात्र हे चालू दिलं नाही. "आजोबा पुढं बसणार असतील तर सुपारी. नाहीतर मी आणि राम रजिस्टरला जाऊन येतो," असं तिनं तोंडावर सांगितलं. परभणीच्या कॉलेजात दोघांची ओळख झालेली. तिच्यासाठी दुसरं स्थळ शोधण्यात अर्थ नव्हता. म्हणून आज सटवाजी कडक इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या सीटवर बसून आले होते.

आणि आज योगीराजनं काही लपवलंही नव्हतं. उलट पंगतीत स्वतःच विषय काढला होता. "आमच्या बापूंनी चाळीस वर्षं सोंगाड्याचं काम केलं. आधी तमाशात, तंबू बंद पडल्यावर आर्केस्ट्रात. पण दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. शाळेत दरवर्षी व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात मी पोरांना घरचंच उदाहरण देतो." लोकांनी माना डोलावल्या होत्या. लहानपणी त्याला पोरं ‘तमासगिराचं’ म्हणून चिडवायची तेव्हाही त्याच्याकडं हे एवढंच उत्तर असायचं.

"बापू," सिताराम सटवाजींना म्हणाला, "हे घर आठवतं का तुमाला?"

"घर न्हाई आठवत बा. गाव आठवतंय. इथली जत्रा आमी लय वर्षं केली."

"माझ्या बापाचं नाव दत्तराव."

सटवाजींनी मान हलवली. ओळख लागली नाही.

"बरं, किल्लीवाले म्हणलं तर?"

पान लावणाऱ्यांपैकी एकजण उगाच खाकरला. सटवाजींना माणूस आठवण्याआधी हशा आठवला. तंबूच्या मागच्या कनातीपर्यंत गेलेला, दोन वेळा विझतोय असं वाटून पुन्हा उसळलेला हशा. असे हशे सोंगाड्या विसरत नाही.

त्यांची काम करायची रीतच तशी होती. गाडी गावात पोचली की बाकीची मंडळी तंबू ठोकायची आणि सटवाजी हॉटेलात जाऊन बसायचे. एक चहा दोन तास पुरवायचा आणि गावात काय चाललंय ते कान देऊन ऐकायचं: कोण कोणाशी बोलत नाही, कोणाची म्हैस कोणाच्या उसात गेली. याला ते ‘माल’ म्हणायचे. वगात राजा-प्रधान बोलत असताना सोंगाड्या मधेच गावातल्या माणसाचं नाव घ्यायचा आणि लोक उड्या मारायचे. गंमत अशी की ज्यांचं नाव निघायचं नाही ते पाटील-सावकार दुसऱ्या दिवशी रुसायचे. त्यामुळं आपण कोणाचं वाईट करतोय असं सटवाजींना कधी वाटलं नव्हतं.

"सुमन अक्काचं लग्न होतं," सिताराम सांगू लागला. "आदल्या रात्री घरी बुंदी पाडली. सगळ्या गावानं वास घेतला. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड पानावर बसलं आणि बुंदीच्या खोलीला कुलूप. किल्ली अण्णांच्या, माझ्या बापाच्या करदोट्याला. माणसं ताटकळली. शेवटी घाईघाईनं शिरा करून वाढला. बुंदी काही पानात पडली न्हाई. आठ दिवसांनी जत्रा आली, तुमची पार्टी आली. तुमी अण्णांचं सोंग केलं. किल्ली तोंडात धरून झोपतोय, बायकोनं हाक मारली तर किल्ली गिळतोय, आणि मग..."

"आठवलं," सटवाजी हळूच म्हणाले.

"लोक लोळले हसून. मी तवा चौथीत होतो. सगळ्यात पुढं बसलो होतो. मीबी हसलो. माझाच बाप हाय हे मला घरी आल्यावर कळालं."

सितारामचा मुलगा राम दाराशी उभा होता, तो बापाकडं बघेना.

"तवापासून आमी किल्लीवाले. ग्रामपंचायतीला उभा राहिलो तर रात्रीतून दाराला किल्ल्यांची माळ बांधली. अण्णा पुन्हा जत्रेत गेले न्हाईत. मागच्या साली वारले. तिरडी उचलली आणि कोपऱ्यावरून कुणीतरी म्हणलं, किल्ली घेतली का संगं?" सितारामनं ताट थोडं पुढं ढकललं. "पोरीबद्दल माझी काही तकरार न्हाई, मास्तर. पोरगी सोन्यासारखी हाय. पण किल्लीवाल्यांच्या घरी ती त्याच माणसाची नात म्हणून यायची, तर नाव ज्यानं दिलं त्यानं परत घ्यावं. हितं, ह्या चार माणसांसमोर. माझा बाप चिकट नव्हता एवढं सांगा. मी सुपारी फोडतो. न्हाई जमलं तर गोडीनं चहा घेऊ आणि तुमी तुमच्या घरी, आमी आमच्या."

"अहो, माफी मागतील बापू," योगीराज लगबगीनं म्हणाला. "कलाकार माणूस, ओघात बोलून जातो. बापू, मागा बरं माफी."

"माफीनं काय होतंय?" व्यंकटराव म्हणाले. हे गावातले सगळ्यात म्हातारे आणि सगळ्यांच्या लग्नांत जेवलेले. "कुलूप मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. तासभर पानावर बसलो होतो. दत्तराव चिकट नव्हता म्हणता तर मग त्या खोलीत होतं तरी काय?"

"मलाबी तेच पायजे," सिताराम म्हणाला. "अण्णा मरेपर्यंत बोलले न्हाईत. माय बोलत न्हाई. बापूंनी कशावरून सोंग केलं ते बापूंनाच ठाऊक असंल."

सटवाजी गुडघ्यावर हात देऊन उठले. "जरा हात धुऊन येतो. जेवल्यापासून चिकट लागायलेत," ते म्हणाले. माणसं हसली. न हसवता त्यांना उठताच येत नसे.

माजघरात मनिषा, योगीराजची बायको, हे सगळं ऐकत होती. तिच्यासमोर रामची आत्या, म्हणजे तीच सुमनबाई, कुंकवाचा करंडा मांडीवर घेऊन बसली होती. सुपारी फुटली की मुलीच्या आईला कुंकू लावायचा मान तिचा. त्यासाठी ती सकाळीच पाथरीहून आली होती.

"सिताराम उगं ताणायलाय," सुमनबाई म्हणाली. "मला सासरी किल्लीवाल्याची लेक म्हणून काय कमी हसले? मीबी त्यांच्यासंगं हसले आन सोडून दिलं."

"तुम्हाला वाईट वाटलं नाही?"

"अण्णांचं वाटलं. माझ्या लग्नाचं न्हाई. माझं लग्न लय चांगलं झालं बाई. माझी आजी अंथरुणाला होती, पण पडल्या जागेवरून तिनं अक्षता बघितल्या, मायनंच सांगितलं. आन त्याच दिवशी, माझी पाठवणी झाल्यावर गेली. मायला म्हणली होती म्हणं, सुमीचं बघितलं, आता मी मोकळी." सुमनबाईनं करंड्याचं झाकण उगाच काढून लावलं. "तिचा हात माझ्या डोक्यावर होता म्हणूनच पुढचं सगळं निभावलं, असं मी धरून चालते."

मनिषाचं अर्धं लक्ष बाहेर होतं. तिला फक्त राजनंदिनी दिसत होती. पोरगी सकाळपासून घरी मोबाइल हातात घेऊन बसलेली असणार. आजोबांना पुढं बसवा म्हणाली आणि आता त्याच आजोबांवरून सोयरीक मोडायला आली. मनिषाला सासऱ्यांचा राग आला. मग रागाचाही राग आला, कारण भक्तीच्या वेळेला त्यांना घरी ठेवा असं सुचवलं होतं ते तिनंच.

ती पाणी प्यायच्या निमित्तानं मागच्या दाराशी गेली. अंगणात सटवाजी ओणवे होऊन हात धूत होते आणि सितारामची आई, पार्वतीबाई, तांब्यानं पाणी घालत होती. दोघं हळू बोलत होती. तिला काही ऐकू आलं नाही.

"बाई," सटवाजी म्हणत होते, "मी माहिती घेतल्याबिगर कधी उभा राहिलो न्हाई. खरं काय ते सांगा. त्या खोलीत होतं काय?"

पार्वतीबाईनं तांब्या खाली ठेवला. नवऱ्यानं गळ्याची आण घातली होती ती त्याच्याबरोबर सरणावर गेली असं तिनं कधी धरलं नव्हतं. पण आज ओसरीत पोरगा हट्टाला पेटलेला आणि तोच प्रश्न व्यंकटरावांच्या तोंडी आलेला. हा माणूस तिथं जाऊन काहीतरी बोलणार होता. न सांगता बोलला तर काय बोलेल याची तिला जास्त भीती वाटली.

"माझी सासू होती," ती म्हणाली.

सटवाजींना कळलं नाही.

"मागची खोली थंड. बुंदी तिथं ठेवली होती. उन्हाळा म्हणून त्या रात्री सासूबाईबी तिथंच निजल्या. सकाळी चहा घेऊन गेले तर अंग गार. वऱ्हाड वाटंवर होतं. सांगितलं असतं तर सुतक लागलं असतं, लग्न तिथंच थांबलं असतं. सुमनचं एकदा मोडून दुसऱ्यांदा जमलेलं होतं. ह्यांनी आईच्या अंगावर चादर घातली, दाराला कुलूप लावलं आन जाऊन मांडवात उभे राहिले. सगळ्यांना हसून रामराम घातला."

"आन बुंदी?"

"मढ्यापाशी ठेवलेली बुंदी लोकांच्या पानात कशी वाढावी? म्हणून शिरा केला. पाठवणी झाल्यावर सासूबाई आता गेल्या म्हणून सांगितलं. बुंदी ह्यांनी एकट्यानं नेऊन शेतात पुरली."

सटवाजींचे ओले हात तसेच राहिले. हॉटेलात हे कोणाला माहीत नव्हतं. हॉटेलात कुलूप माहीत होतं, बुंदी माहीत होती, आणि त्यांनी तेवढ्यावर माणसाचं सोंग उभं केलं होतं. आईचं मढं आत ठेवून जो माणूस मांडवात हसत उभा राहिला, त्याच्या तोंडात त्यांनी किल्ली दिली होती. त्यांना लाज वाटली. रंग लावून उभं राहणाऱ्या माणसाला सहसा वाटत नाही इतकी लाज वाटली.

"तवाच कुणीतरी मला सांगायचं, बाई."

"तुमी हाटेलात इचारलं. घरी कुठं इचारलं?"

सटवाजींनी ओले हात झटकले.

"मग आता हेच सांगतो की. दत्तरावांचं नाव सोन्यानं मढंल."

"न्हाई!" पार्वतीबाईनं दाराकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "सुमनला ठाऊक न्हाई. तिचं पहिलं लेकरू सव्वा महिन्याचं होऊन गेलं. सासूनं अवलक्षणी म्हणून वर्षभर माहेरी बसवली. तवा ती एकच म्हणायची, माझ्या आजीनं माझ्या अक्षता बघितल्यात, माझं वाईट हुणार न्हाई. आजबी म्हणते. तिला कळलं की आपल्या अक्षता सुतकात पडल्या, मढं घरात असताना पडल्या, तर ती लेकराचं खापर स्वतःवर फोडून घेईल. ह्या वयात ते पुसणार कोण? ह्यांनी किल्लीवाला म्हणून मरण पत्करलं ते त्याच्यासाठी. सोयरीक होऊ द्या न्हाईतर मोडू द्या. खोलीचं खरं बाहेर काढू नका."

सोयरीक मोडू द्या म्हणायला तिला सोपं होतं. सटवाजींना नात आठवली. एकीकडं तिचं लग्न आणि दुसरीकडं पाथरीच्या एका बाईच्या मनाची शांती, आणि ओसरीत व्यंकटराव एकच प्रश्न धरून बसलेले. ‘काही नव्हतं’ म्हटलं तर माणूस पुढं विचारतोच. तोंड बंद करायचं तर पोटभर उत्तर द्यावं लागतं, हे त्यांना धंद्यानं शिकवलं होतं.

त्यांनी तोंडावर पाण्याचा हबका मारला, सदऱ्याच्या टोकानं पुसलं आणि आत निघाले.

ओसरीत ते बसले नाहीत. उभे राहिले. गुडघे दुखत होते, पण बसून त्यांना बोलता येत नसे.

"मंडळी," सटवाजी म्हणाले, "मघाशी आमच्या मास्तरनं पंगतीत सांगितलं, माझा बाप पीत नव्हता. मास्तर खरं बोलणारा माणूस हाय. मी पिऊन कवाच घरी गेलो न्हाई, मग त्यानं बिचाऱ्यानं काय बघावं?"

दोघेतिघे हसले. योगीराजनं झटकन वर बघितलं. बापू कधी थट्टा करतात आणि कधी नाही हे त्याला आजवर नीट कळलं नव्हतं.

"जत्रंच्या आधी तंबूची जागा बघायला मी एकटाच आलतो. गंगाखेडला घेतली. एस्टीत घेतली. उतरलो ते सरळ तुमच्या मांडवात. सनई वाजायलीय, माणसं नवी कापडं घालून बसलेत. मला वाटलं आपलाच तंबू! म्हणलं, एवढं पब्लिक जमलंय आन माझ्या तोंडाला रंग न्हाई. मालक शिव्या घालंल. रंगाची खोली हुडकत निघालो. मागं एक दार उघडं दिसलं. आत पातेलं. पातेल्यात पिवळाधमक रंग."

एकानं हसून मांडीवर थाप मारली. पुढचं त्याला दिसायला लागलं होतं.

"घेतला मूठभर, फासला तोंडाला. चिकटंना. दुसरी मूठ घेतली. गालाला लागंना, खाली सांडायला लागला. म्हणलं, असा न्हाई ऐकायचा," आणि सटवाजींनी कंबरेत वाकून, दोन्ही हातांनी नसलेल्या पातेल्याच्या कडा धरून, आत डोकं घातलं.

ओसरी फुटली. व्यंकटरावांच्या तोंडातलं पान सदऱ्यावर आलं. माजघरातून बायकांचा हसण्याचा आवाज आला, त्यात सुमनबाईचा सगळ्यात मोठा होता. राम दाराला धरून हसत होता. सटवाजी वर उठले, बोटानं डोळ्यांतली बुंदी काढली आणि समोर बघून अचंब्यानं म्हणाले, "समोर दत्तराव."

हशा खाली बसेपर्यंत ते थांबले.

"दुसरा असता तर त्यानं मला तिथंच हाणला असता, चार माणसं गोळा केली असती. त्या माणसानं दार ओढलं आन कुलूप घातलं. मग काय करावं? मानंपर्यंत बुंदीत बुडालेला दारुडा वऱ्हाडासमोरून न्यायचा? आन ती बुंदी पानात वाढायची? व्यंकटराव, खाल्ली असती का तुमी?"

"शिव शिव!" व्यंकटराव म्हणाले.

"खाल्ली नसती. पण खरं कळलं असतं तर शिराबी खाल्ला नसता. म्हणून त्यांनी किल्ली कंबरंला लावली, तोंड शिवलं आन लेकीचं लग्न पार पाडलं. अंधार पडल्यावर मला सोडलं. मी पाय धरले. म्हणलं, मालकाला कळलं तर पार्टीतून काढतील, घरी लेकरू हाय. म्हणले, जा, मी कुणाला बोलणार न्हाई. आन न्हाई बोलले, मरंपर्यंत न्हाई बोलले."

"आन तरी तुमी त्यांचं सोंग केलं?" सितारामचा आवाज चिरकला.

"केलं. मला भ्या वाटलं. जत्रंत पार्टी उभी राहिली आन हा माणूस बोलला तर? म्हणून मीच आधी बोललो. एकदा लोक त्यांना हसले की मग त्यांचं कुणी ऐकणार न्हाई, एवढी अक्कल दारुड्यालाबी असते."

आता कोणी हसत नव्हतं.

"पण काय हो," व्यंकटराव सदरा पुसत म्हणाले, "मांडवात तुमाला आमी कुणीच कसं बघितलं न्हाई?"

"बघितलं की! तुमीच तर म्हणलात, हा झुलायलाय तो नवरदेवाचा मामा दिसतो."

पुन्हा हशा झाला. व्यंकटरावांनी थोडा विचार केला. एवढ्या जुन्या गोष्टीत आपलं नाव आलं याचं त्यांना बरं वाटलं असावं. "म्हणलो असंल," ते म्हणाले. "होता खरा एकजण झुलणारा."

सटवाजी सितारामकडं वळले. त्यांनी हात जोडले, आणि यावेळी त्यात सोंग नव्हतं. "तुमचा बाप चिकट नव्हता. त्यानं दुसऱ्याची इज्जत राखायला स्वतःची घालवली. असला माणूस मी चाळीस वर्षांत कुठल्या गावात बघितला न्हाई. मी दिलेलं नाव मी परत घेतो. माझ्या पायताणानं माझं तोंड हाणा."

सिताराम रडत होता. चौथीतला पोरगा इतक्या वर्षांनी बापासाठी रडत होता आणि चारचौघांत रडतोय याची त्याला पर्वा नव्हती. त्यानं सदऱ्याच्या बाहीला डोळे पुसले, अडकित्ता उचलला आणि सुपारी फोडली. "झाली सोयरीक," तो म्हणाला. मग कोनाड्यातली टोपी आणि टॉवेल आणून त्यानं सटवाजींना आहेर केला. "बापू, अण्णांनी तुमाला माफ केलं होतं, मग मी कोण?"

योगीराजलाही टोपी घातली गेली. त्यानं ती घालून घेतली. तो हसला देखील. पण त्याच्या कानात दरवर्षीचं व्यसनमुक्तीचं भाषण चाललं होतं आणि त्याला ते थांबवता येत नव्हतं.

आत सुमनबाईनं मनिषाला कुंकू लावलं. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आजी असती तर लय हसली असती," ती म्हणाली. मनिषा ‘हो’ म्हणाली आणि पर्स घ्यायला मागच्या खोलीकडं वळली. तिथं बोळात तिनं बघितलं ते तिला नीट कळलं नाही. पार्वतीबाई, मुलाची आजी, मुलीकडच्या माणसाच्या पाया पडत होती. आणि सटवाजी मागं सरकत म्हणत होते, "उठा बाई, उठा, कुणी बघंल."

मनिषा न बघितल्यासारखी परतली. मुलाकडच्या बाईनं मुलीकडच्यांपुढं वाकायचं, हे तिनं कुठं पाहिलं नव्हतं. आणि दारू पिऊन आपल्या घरातली बुंदी नासवणाऱ्यापुढं तर कोणीच वाकत नाही.

गाडीपाशी सगळा वाडा निरोप द्यायला आला. गल्लीत बातमी आधीच पोचली होती. कोपऱ्यावरच्या कट्ट्यावरून कोणीतरी ओरडलं, "आले रे, बुंदीवाले आले!" आणि पोरं हसली. सिताराम त्यांच्यावर खेकसला, पण तोही हसत होता. कितीतरी वर्षांनी त्या गल्लीत दुसऱ्या कोणाला तरी हसत होते.

"राजनंदिनी पुढच्या वर्षी ह्याच गल्लीत येणार आहे," गाडीत बसताना योगीराज हळूच म्हणाला. कोणाला उद्देशून ते कळलं नाही.

गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना उसाची शेतं लागली. सटवाजी पुढच्या सीटवर नवा टॉवेल मांडीवर घेऊन बसले होते. मागं मनिषाचा मोबाइल वाजला. राजनंदिनीला रामनं कळवलं होतं. ती एकाच वेळी रडत आणि हसत होती. "आजोबांना माझा नमस्कार सांग. नाही, मी घरी आल्यावर स्वतःच करते," असं म्हणून तिनं फोन ठेवला. मनिषानं निरोप सांगितला. सटवाजींनी मान हलवली. त्यांना आनंद झाला होता आणि तो लपवता येत नव्हता.

योगीराजनं गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"बापू."

"हं."

"मला लहानपणी पोरं चिडवायची. मी एकच सांगायचो. मारामारी केली तरी तेच सांगायचो. आई गेली तेव्हा तिच्या दहाव्याला मी लोकांना तेच सांगितलं, की माझ्या आईनं तमासगिराशी संसार केला पण दारूचा वास घेतला नाही." त्याचे हात स्टिअरिंगवर होते आणि तो समोर बघत होता. "आज तुम्ही सुपारी फुटावी म्हणून बोललात का? तसं असेल तर मला सांगा. मी कोणाला सांगणार नाही. फक्त मला सांगा."

मागं मनिषानं तोंड उघडलं. तिला बोळातलं सांगायचं होतं. सटवाजींनी मान वळवून तिच्याकडं बघितलं, एवढंच. ती गप्प बसली.

आपला मुलगा खोटं पचवणारा नाही, हे सटवाजींना ठाऊक होतं. उद्या सिताराम त्याच्या गळ्यात पडला, परवा सुमनबाई राजनंदिनीच्या हळदीला आली, की त्याच्या तोंडावर सगळं दिसलं असतं. मास्तर खरं बोलणारा माणूस होता. ते त्यांनीच त्याला शिकवलं होतं.

"पीत होतो," सटवाजी म्हणाले. "लय पीत होतो."

योगीराजनं डोक्यावरची टोपी काढून मागच्या सीटवर टाकली, गाडी सुरू केली आणि गंगाखेड येईपर्यंत बापाकडं एकदाही बघितलं नाही.